गंधकाने पांढरी केलेली साखर आता पुरे: साखर कारखान्यांच्या चेअरमन आणि संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व सहकारी आणि खाजगी साखर कारखान्यांचे मा. चेअरमन, व्हाईस चेअरमन, संचालक मंडळ आणि एमडी साहेब यांना,

स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. आत्ता ऑफ सीझन चालू आहे, मशिनरी उघडी पडलीये, म्हणून आत्ताच लिहितेय. एकदा गव्हाणीत मोळी पडली की मग ना तुम्हाला वेळ असतो ना आम्हाला. मी ऊस उत्पादक घरातली, शेअर वडिलांच्या नावावर आहे, आणि नोकरी साखर कारखान्यातच, आधी लॅबला होते, आता मॅन्युफॅक्चरिंगला. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, साखर पांढरी करण्यासाठी गंधक जाळणं बंद करा. सगळं एका हंगामात होणार नाही हे मला कळतं, पण सुरुवात या हंगामापासून करा, आणि पहिला नंबर सिरप सल्फिटेशनचा, म्हणजे आटवलेल्या रसात गंधकाचा गॅस सोडण्याचा, लावा.

आता का, ते सांगते.

मिल हाऊसमधून जो मिक्स ज्यूस येतो तो तुमच्यापैकी किती जणांनी जवळून बघितलाय मला माहीत नाही. रसवंतीतला रस डोळ्यासमोर आणू नका. हा करडा, हिरवट, फेसाळ असतो, त्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा, शेतातली माती, उसाच्या कांडीवरचं मेण, आणि रोलर्सचं लोखंडसुद्धा थोडं उतरलेलं असतं. ब्रिक्स साधारण १४-१५, म्हणजे १०० किलो ज्यूसमध्ये १४-१५ किलो काय ते विरघळलेलं, आणि त्यातली ८० ते ८५ टक्के साखर. बाकी उरतं त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, प्रोटीन, अमिनो आम्लं, स्टार्च, गोंदासारखे चिकट पदार्थ, पोटॅश, सिलिका आणि उसाची स्वतःची रंगद्रव्यं. साखर शुद्ध करायची म्हणजे हे सगळं बाजूला काढायचं आणि साखरेला मात्र धक्का लावायचा नाही, एवढंच आपलं काम.

यात धक्का लावायचा नाही हाच भाग अवघड आहे. ज्यूस आंबट राहिला आणि गरम केला की साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, म्हणजे इन्व्हर्शन, पैसे सरळ मोलॅसिसमध्ये, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकात, गेले. बरं म्हणून चुना जास्त टाकला आणि पीएच वर गेला तर ते ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटून काळपट रंग तयार होतो, जो पुढे प्रत्येक टाकीत, साखरेचा दाणा पाडायच्या प्रत्येक पॅनमध्ये आपल्याबरोबर येतो. अमिनो आम्लं आणि ही साधी साखर गरम असताना एकत्र आली की आणखी तपकिरी रंग. फिनॉल आणि लोखंड भेटलं की अजून गडद. मग क्लिअर ज्यूसचा पीएच ७च्या आसपास ठेवायचा, आणि तोही रात्री तीन वाजता, मिल थांबत-सुरू होत असताना, हे काम आमच्या पोरांकडे असतं. जो केमिस्ट हे नीट सांभाळतो तो कारखान्याचे किती पैसे वाचवतो हे बॅलन्सशीटमध्ये कुठे दिसत नाही, पण वाचवतो.

ज्यूस ७० ते ७५ अंशाला गरम करतात, मग ज्यूस सल्फायटरमध्ये चुन्याचं दूध आणि गंधक जाळून केलेला सल्फर डायऑक्साइड गॅस, मग पुन्हा १०२-१०५ अंशापर्यंत उकळी, मग गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर. चुना आणि गॅस मिळून कॅल्शियम सल्फाइटचा साका होतो, उसातल्या फॉस्फेटबरोबर कॅल्शियम फॉस्फेट होतं, आणि हे गोळे खाली बसताना बरोबर माती, मेण, प्रोटीन आणि थोडा रंग ओढून नेतात. वरचा निवळ ज्यूस पुढे आटवायला इव्हॅपोरेटरला, खालचा गाळ व्हॅक्यूम फिल्टरला जाऊन प्रेसमड होतो. ही खरीखुरी सफाई आहे, याबद्दल माझी तक्रार कमी आहे. ज्यूसमध्ये फॉस्फेट साधारण ३०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३०० भाग) पुढे असेल तर गाळ झकास बसतो, कमी असेल तर फॉस्फरिक अ‍ॅसिड घालून भरून काढता येतं. टेस्ट ट्यूबमध्ये ज्यूस धरून लाईटसमोर बघितला की पाच मिनिटात कळतं आजचा दिवस कसा जाणार. गोळे मोठे, भराभर खाली, वरचं पाणी सोनेरी आणि चकचकीत, तर दिवस चांगला. वर धुकं राहिलं तर पुढच्या शिफ्टला फोन जाणार.

माझी मोठी तक्रार आहे ती पुढच्या पायरीवर. इव्हॅपोरेटरमधून १५ ब्रिक्सचा ज्यूस ६० ब्रिक्सचं सिरप होऊन बाहेर येतो, चांगलं लालसर-तपकिरी, आणि मग आपण त्या सिरपमधून पुन्हा गंधकाचा गॅस सोडतो, पीएच ५च्या जवळ आणतो, आणि डोळ्यादेखत सिरप फिकट होतं. नवीन माणसाला ते बघून वाटतं वा, काय साफ झालं. साफ काहीच झालेलं नसतं. या पायरीला गाळ बसत नाही, फिल्टर नाही, बाहेर काढून टाकलेलं असं काहीच नसतं. रंगाचे जे रेणू होते ते तिथेच आहेत, गॅसने त्यांचं फक्त रूप बदललंय, ते रंगहीन झालेत. आणि हवा लागली, वेळ गेला, गोडाऊन गरम झालं की त्यातले बरेचसे परत रंगावर येतात. म्हणून जानेवारीत एम-३० या दाणा-रंगाच्या ग्रेडला बसलेली साखर पावसाळा संपेपर्यंत पिवळट दिसायला लागते आणि व्यापारी पोतं उघडून कुरकुर करतो. हे प्रत्येक गोडाऊन कीपरला माहितीये, प्रत्येक चीफ केमिस्टला माहितीये, फक्त बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

वर आणखी एक. ५ पीएचचं गरम सिरप पॅनला नेणं म्हणजे इन्व्हर्शनला आपणच दार उघडून देणं. क्लॅरिफायरपाशी ज्यासाठी जीव टाकला तेच पुढे जाऊन सोडून द्यायचं. शेतकऱ्याला उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्यावर, भाव मिळतो, एफआरपी म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेला आहे, त्यामुळे पॅन हाऊसमध्ये फुटलेली साखर हा माझ्या वडिलांच्याही खिशाचा विषय आहे.

कोल्हापूरकडचे जे चेअरमन हे वाचत असतील त्यांना गुऱ्हाळावरचं सांगितलं तर लगेच पटेल. गूळ करणारा गुळव्या भेंडीची झाडं चेचून त्याचा चिकट रस काहिलीत घालतो, रस तापायला लागला की मळी वर येते, काळी-हिरवी जाड साय, आणि तो ती झाऱ्याने काढत राहतो, काढत राहतो, रस निवळेपर्यंत. ही सफाई. आणि ज्या गुऱ्हाळावर घाई असते किंवा मार्केटला पिवळाधमक गूळच चालतो म्हणून हायड्रोस, म्हणजे रंग उडवणारी गंधकयुक्त पावडर, मारतात, तिथे मळी आतच राहते आणि रंग मात्र उडतो, आणि ती ढेप काही महिन्यांत काळवंडते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून हायड्रोसवर सगळे बोलतात, कृषी विभाग बोलतो, पेपरात येतं. मग कारखान्यातल्या गंधकावर का बोलत नाहीत? रसायन तर गंधकाचंच आहे आणि हेतूही तोच आहे.

गंधकाचा हिशोब बघा. टनाला साधारण अर्धा किलो गंधक लागतं, म्हणजे ५००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज अडीच टनाच्या आसपास गंधक जळतं. पिवळ्या पोत्यांची थप्पी लागलेली असते, बर्नर चालू असतो, हवा कोरडी नसेल तर गॅसमध्ये अ‍ॅसिड तयार होऊन पाइपलाइन खाते, बर्नर जास्त तापला तर न जळलेलं गंधक वाफ होऊन पुढे पाइपात जाऊन चिकटतं आणि लाइन चोक होते. ती चोक काढणारा माणूस तोंडाला पंचा बांधून उभा असतो. वास असा की डोळ्यातून पाणी, घशात आग, आणि ज्याला दमा आहे त्याने त्या मजल्यावर जाऊच नये. सल्फर स्टेशनवर काम केलेली जुनी माणसं खोकतात, आणि आपण सगळे त्याला बिडीचा खोकला म्हणतो. मी डॉक्टर नाही त्यामुळे कुणाचा खोकला कशाचा हे सांगणार नाही, पण सल्फर डायऑक्साइड दम्याच्या माणसाला त्रास देतो हे मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल.

शिवाय इव्हॅपोरेटरच्या ट्यूबमधलं स्केल. सल्फाइट, सल्फेट, सिलिका, असं मिळून ट्यूबला आतून जे दगडासारखं चिकटतं त्याने वाफ वाया जाते, आणि मग कॉस्टिक उकळा, ब्रश मारा, मिल थांबवा. स्केल काही फक्त गंधकामुळे होत नाही, चुना आणि सिलिकाही आहेच, पण भर गंधकाची मोठी आहे.

मग आपण ही पद्धत धरून का बसलो? कारण ती स्वस्त पडली. १९३२च्या संरक्षण कायद्यानंतर देशात कारखाने भराभर उभे राहिले, कार्बोनेशनला, म्हणजे गंधकाऐवजी कार्बन डायऑक्साइडने सफाई करायला, चुन्याची भट्टी, कोक आणि जास्त चुना लागायचा, सल्फिटेशनला त्या मानाने कमी भांडवलात पांढरी साखर एकाच कारखान्यात थेट उसापासून निघायची, वेगळी रिफायनरी नको. १९५०ला प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्रभर जे झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्या काळात तो निर्णय बरोबर होता. शेतकऱ्यांनी पै पै जमवून उभ्या केलेल्या कारखान्याला स्वस्त प्रोसेसच परवडणार होती. पण आज तोच कारखाना को-जन (बगॅसवर वीज) चालवतो, डिस्टिलरी चालवतो, इथेनॉल विकतो, आणि साखरेची सफाई मात्र तेव्हाच्याच पद्धतीने करतो.

दुसरं कारण डोळ्याचं आहे. आपली ग्रेड बघा कशी ठरते, कानपूरच्या नॅशनल शुगर इन्स्टिट्यूटकडून सीलबंद बाटल्यांमध्ये स्टँडर्ड येतं, त्या बाटलीशेजारी आपली साखर ठेवून दाणा आणि रंग जुळवायचा. एल, एम, एस हा दाण्याचा आकार, ३० आणि ३१ हा रंग. त्या बाटल्यांचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही, पण डोळ्याला पांढरं दिसलं की झालं ही सवय त्यातूनच लागली. जगात साखरेचा रंग इकुम्सा युनिटमध्ये मोजतात, साखर पाण्यात विरघळवून, गाळून, ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ती किती अडवते ते बघून. म्हणजे दाण्याची चमक, दाण्याचा आकार, काही फसवाफसवी चालत नाही. त्या मापाने रिफाइंड साखर ४५च्या आत बसते आणि आपली नेहमीची सल्फिटेशनची साखर १००-१५०च्या आसपास फिरते, डोळ्याला दोन्ही पांढऱ्याच.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, कारण हे पत्र फॉरवर्ड होणार आणि त्याला कुणीतरी भलतंच हेडिंग लावणार. साखर पांढरं विष आहे असं मी म्हणत नाहीये. आपली साखर ९९.५ टक्क्यांच्या वर सुक्रोज असते, ती स्वच्छ असते, आणि सल्फिटेशनच्या प्रोसेसमध्ये हाडांचा कोळसा कुठेही नसतो, तो युरोपातल्या रिफायनऱ्यांनी १८१२च्या सुमारास वापरायला सुरुवात केली, तो किस्सा वेगळा. गंधकाचं प्रमाणही बघा, प्लँटेशन व्हाईट, म्हणजे रिफायनरीशिवाय थेट उसापासून केलेल्या पांढऱ्या साखरेला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम आहे. रोज ३० ग्रॅम साखर खाल्ली आणि ती अगदी ७०ची असली तरी पोटात जातं २ मिलीग्रॅमच्या आसपास. अन्नातल्या रसायनांची जी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती आहे तिने किलोला ०.७ मिलीग्रॅम ही रोजची मर्यादा धरली होती, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२. तेव्हा घाबरायचं कारण नाही, मी कुणाला घाबरवत नाही. सल्फाइटला संवेदनशील असलेले दम्याचे काही पेशंट सोडले तर खाणाऱ्याला लगेच काही होतं असा माझा दावा नाही.

पण मग हे बघा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न स्टँडर्डमध्ये व्हाईट साखरेला मर्यादा १५ आहे आणि प्लँटेशन किंवा मिल व्हाईटला ७०. युरोपात १०च्या वर सल्फाइट असेल तर पदार्थाच्या लेबलवर तसं लिहावं लागतं. शीतपेयवाले, औषधाचे सिरप करणारे, चांगली बिस्किटं करणारे, हे सगळे आपल्याकडे येतात तेव्हा सल्फरलेस मागतात, कागदावर आकडा लिहून मागतात, टँकर किंवा गाडी भरण्याआधी लॅब रिपोर्ट मागतात. आणि जिथे जिथे रिफायनरी लागलीये तिथे आपण तो देतोही. म्हणजे आपल्याला जमतं! आणि दिवाळीला सभासद साखर वाटताना, ज्यांच्या उसावर हे सगळं उभं आहे त्यांच्या पिशवीत काय जातं? मी स्वतः एका कारखान्यात बघितलंय, त्याचं नाव घेत नाही, की रिफाइंडची पोती एका बाजूला आणि मागच्या हंगामातली, पिवळी पडायला लागलेली सल्फिटेशनची साखर सभासदांना. वडील रांगेत उभे राहून ती घेऊन आले आणि आईने डबा भरला. मला ते लागलं, अजून लागतं. कंपनीच्या परचेस मॅनेजरला जो रिपोर्ट दाखवता तो सभासदाला का दाखवत नाही?

आता उपाय. तुम्ही म्हणाल बोलणं सोपं आहे, पैसे कुठून आणायचे, आणि ते बरोबरच आहे. २०१८-१९ला एफआरपी क्विंटलला २७५ होती, २०२४-२५ला ३४० झाली, आणि साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ला ३१ रुपये केला त्यानंतर तेवढी वर्षं तिथेच अडकून राहिला. या ताणात नवीन मशिनरीचं नाव काढलं की एमडी साहेबांच्या कपाळावर आठ्या येणार. म्हणून मी सगळं एकदम मागत नाही.

सगळ्यात स्वस्त सफाई म्हणजे रंग तयारच होऊ न देणं. साखर उद्योगात ज्या दोन शोधांनी खरी क्रांती केली ते दोन्ही याच प्रकारचे. १८१३ला इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने व्हॅक्यूम पॅन काढला, म्हणजे सिरप कमी तापमानाला उकळायला लागलं आणि करपायचं थांबलं. आणि १८४०च्या दशकात लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिलियूने मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर काढला, एकाच वाफेवर एकामागून एक भांडी, प्रत्येक पुढचं भांडं कमी तापमानाला. हा रिलियू एका गोऱ्या मळेवाल्याचा आणि एका कृष्णवर्णीय स्त्रीचा मुलगा, आणि तो ज्या लुइझियानात काम करत होता तिथे उसाच्या मळ्यांवर गुलामी चालू होती, उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी ओतण्याचं जीवघेणं काम गुलामांकडून करून घ्यायचे. त्याच्या यंत्राने इंधन वाचलं आणि ते काम संपायला लागलं. आज आपल्या प्रत्येक कारखान्यात जी पाच बॉडीची, म्हणजे पाच भांड्यांची, रांग उभी आहे ती त्याचीच. यात दोघांनीही कुठलं केमिकल आणलं नाही, उष्णता आणि वेळ कमी केला, बास.

तेच आपण करायचं राहिलंय. जुन्या क्लॅरिफायरमध्ये ज्यूस अडीच-तीन तास शंभर अंशाजवळ पडून राहतो, त्या ठिकाणी शॉर्ट रिटेन्शन क्लॅरिफायर बसवला तर हे काम तासाभराच्या आत होतं. पहिल्या बॉडीला फॉलिंग फिल्म (ज्यूस पातळ थराने ट्यूबमधून खाली सोडणारा इव्हॅपोरेटर) बसवला तर तिथला वेळ कमी होतो. चुन्याची क्वालिटी बघा, खडे आणि सिलिका भरलेला स्वस्त चुना टेंडरमध्ये पास करू नका. पीएच कंट्रोलर बंद पडून धूळ खात असतात ते दुरुस्त करा. यातल्या निम्म्या गोष्टी मेंटेनन्सच्या बजेटमध्ये बसतात.

आणि सुरुवात शेतापासून. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे हे सगळे भाषणात सांगतात, आणि यार्डात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. कापलेल्या टोकाला ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू बसतो, तो साखर खाऊन डेक्सट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. डेक्सट्रान आला की ज्यूस गाळत नाही, पॅन चढत नाही, दाणा सुईसारखा लांब होतो, आणि साखर मोजायच्या पोलॅरिमीटरवर पोल म्हणजे साखरेचा आकडा फुगलेला दिसतो, म्हणजे साखर आहे त्यापेक्षा जास्त वाटते आणि मग हिशोबात अननोन लॉस वाढला म्हणून केमिस्टवर ओरड. जळीत उसाला हे आणखी लवकर होतं. शेतकरी जाळतो कारण तोडणीची टोळी येत नाही, मुकादम फोन उचलत नाही, आणि कारखान्याचा चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा) म्हणतो प्रोग्रॅम पुढच्या महिन्यात. तर तोडणीचा प्रोग्रॅम सुधारणं हेसुद्धा साखर शुद्धीकरणच आहे, ते फक्त शेती खात्याचं काम नाही. पाचट आणि वाढेही तसेच, त्यातून स्टार्च आणि रंग दोन्ही येतात, मोळी स्वच्छ आली तर आमचं अर्धं काम झालं.

मग मशिनरीचा टप्पा. सिरप सल्फिटेशनच्या जागी सिरप क्लॅरिफिकेशन. सिरपमध्ये फॉस्फरिक अ‍ॅसिड आणि चुना, बारीक हवेचे बुडबुडे, गोळे एकत्र बांधणारं फ्लॉक्युलंट, आणि कॅल्शियम फॉस्फेटचे गोळे घाण घेऊन वर तरंगतात, ती साय वरून काढून टाकायची. गुळव्या काहिलीवर जे करतो तेच, फक्त टाकीत. यात खरोखर काहीतरी बाहेर निघतं. त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे ज्याला आपल्याकडे डीआरपी म्हणतात, डिफेको रीमेल्ट फॉस्फोटेशन, ज्यूसला फक्त चुना, गंधक शून्य, आधी रॉ साखर करायची, ती वितळवायची, फॉस्फोटेशन, मग लागलं तर आयन एक्स्चेंज रेझिन (रंग धरून ठेवणारे बारीक मणी), आणि मग रिफाइंडचा पॅन. फॉस्फोटेशनने साधारण पाव ते तिसरा हिस्सा रंग जातो, कार्बोनेशनने निम्म्याच्या आसपास, रेझिनने उरलेल्यातला बराचसा.

रेझिनचं गोडगोड सांगणार नाही. रंगाने भरलेलं रेझिन मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, आणि ते काळं खारट पाणी कुठे टाकायचं हा मोठा प्रश्न आहे. नॅनोफिल्ट्रेशन लावून मीठ परत वापरता येतं, ते पहिल्या दिवसापासून प्रोजेक्टमध्ये धरलं पाहिजे, नाहीतर गंधकाचा त्रास गच्चीवरून काढून ओढ्यात सोडला असं होईल आणि शेजारच्या गावाच्या विहिरी खारट होतील. वाफही जास्त लागते, म्हणजे को-जनची थोडी वीज कमी विकली जाणार. हे खर्च खरे आहेत. पण समोर गंधकाचा खर्च, गंजलेल्या लाइन्स, ट्यूब क्लीनिंगला थांबलेली मिल, पिवळी पडून ग्रेड उतरलेली साखर, आणि रिफाइंडला मिळणारा जादा दर, हेही मांडा ना एकदा. आमच्याकडे हा हिशोब कधी पूर्ण मांडलाच जात नाही, प्रपोजल फक्त खर्चाच्या बाजूने वाचलं जातं. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५पासून आहे, तुमच्याच वर्गणीवर चालते, त्यांच्याकडून कारखान्यागणिक असा हिशोब करून घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

वेळही आत्ताच चांगली आहे. बी-हेवी मोलॅसिस, म्हणजे थोडी साखर शिल्लक असलेलं मधलं मोलॅसिस, डिस्टिलरीला द्यायला लागल्यापासून सी मॅसेक्विट, म्हणजे शेवटच्या उकळीचा माल, बऱ्याच ठिकाणी उकळतच नाही, म्हणजे तो शेवटचा काळा, चिकट माल परत वितळून वर फिरवणं कमी झालंय. रंगाचं चक्र आपोआप थोडं तुटलंय. ज्या कारखान्यात इथेनॉल चालू आहे तिथे सिरपचं गंधक बंद करून बघणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. एका हंगामात एका पॅन सेटवर ट्रायल घ्या, बाकी प्लांट आहे तसा चालू दे.

लॅबबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. अजून किती तरी लॅबमध्ये पोल काढताना ज्यूस निवळायला लेड सबअ‍ॅसिटेट वापरतात, म्हणजे शिसं. बारावी झालेली पोरं चमच्याने ती पावडर टाकतात, हाताला मोजे नाहीत, उरलेलं बेसिनमध्ये, आणि त्याच टेबलावर चहा. शिसं न वापरता निवळण करणारी केमिकल्स आहेत, इन्फ्रारेडजवळच्या प्रकाशावर चालणारे पोलॅरिमीटर आहेत जे गडद ज्यूससुद्धा वाचतात. एका चेअरमनच्या गाडीच्या किमतीत काही लॅब बदलतील, हे मी टोमणा म्हणून नाही लिहिलेलं, खरंच तेवढाच आकडा आहे. आणि लॅब केमिस्टची पदं हंगामी ठेवायची, अर्धी रिकामी ठेवायची, आणि मग रिपोर्टवर विसंबून करोडोचे निर्णय घ्यायचे, हे चालणार नाही. केमिस्टला रंगाचा खरा आकडा लिहायची मोकळीक द्या. आकडा वाईट आला तर त्याला केबिनमध्ये बोलावू नका, प्लांटवर जा.

तर बोर्डाला माझी विनंती अशी की येत्या वार्षिक सभेच्या आधी या विषयावर ठराव घ्यावा. सिरप सल्फिटेशन कधी बंद करणार त्याचा हंगाम लिहून द्या, आणि ज्यूसचं गंधक कधी, तेही. तोपर्यंत प्रत्येक लॉटचा इकुम्सा रंग आणि सल्फर डायऑक्साइडचा आकडा पोत्यावर छापा, निदान गेटवरच्या बोर्डावर खडूने तरी लिहा, जसा रोजचा उतारा लिहिता तसा. सल्फर स्टेशनवरच्या माणसांची दरवर्षी छातीची तपासणी करा, कायम आणि कंत्राटी दोघांची, आणि त्यांना धड मास्क द्या. आणि या दिवाळीची सभासद साखर कुठल्या लॉटची आहे ते वाटपाच्या आधी जाहीर करा.

आमच्या कारखान्याच्या सभेला मी वडिलांच्या बरोबर येतेय. सभासद म्हणून प्रश्न त्यांच्या सहीने लेखी दिलेला असेल, मुदतीच्या आत. उत्तर चीफ केमिस्टना माईक देऊन द्यायला सांगा, त्यांना सगळं माहितीये.

आपली विश्वासू,
एका ऊस उत्पादक सभासदाची मुलगी आणि साखर कारखान्यातली केमिस्ट